पैसा पडला की ट्यूब पेटली?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत एका इंग्रज क्रिकेटपटूच्या मुलाखतीचा अनुवाद आला आहे. मुलाखत चांगली आहे. पण तिसऱ्या रकान्यात तो गृहस्थ म्हणतो, 'प्रशिक्षक महिनाभर एकच गोष्ट सांगत होते आणि एके दिवशी सराव करताना अचानक माझा पैसा पडला.' आमच्या घरी रविवारी पेपर मोठ्यानं वाचला जातो. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं भाजी निवडायची. त्या दिवशी वाचायची पाळी सौ.ची होती. ती थांबली आणि म्हणाली, "अगंबाई, खिशात पैसे घेऊन खेळतात का हे लोक? मग सापडला का?" मी हातातली मेथी खाली ठेवली. पुढचा सगळा मजकूर ऐकला. पैसा काही सापडला नाही.

मी इंग्रजीचा मास्तर नव्हे. टेलिफोन खात्यात मेकॅनिक होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, राहायला नौपाड्यात. माझं इंग्रजी खात्याच्या मॅन्युअलांतून आलेलं, म्हणजे त्यात क्रियापदं कमी आणि स्क्रू जास्त. पण हा पैसा कुठून कुठे पडतो हे सांगायचा अधिकार ठाण्यात माझ्याइतका फार थोड्यांना असेल, कारण माझ्या नोकरीची पहिली बारा वर्षं न पडलेले पैसे पाडण्यात गेली. सार्वजनिक फोनच्या डब्यांत अडकलेली नाणी काढणं हे माझं काम होतं.

मूळ इंग्रजी वाक्य 'द पेनी ड्रॉप्ड' असं असणार. इंग्रज माणूस ते एखादी गोष्ट उशिरा लक्षात आली की म्हणतो. यात 'उशिरा' हा शब्द महत्त्वाचा. विनोद ऐकला, सगळे हसले, आपण नाही हसलो, घरी जाऊन पायातले जोडे काढताना एकदम हसू फुटलं, की पेनी पडली. त्या खेळाडूला प्रशिक्षकाचं म्हणणं पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. आत जात होतं, पण मध्येच कुठेतरी अडकून बसत होतं. नुसतं 'मला समजलं' असं भाषांतर केलं असतं तरी अर्धाच अर्थ आला असता. 'पैसा पडला' यात तर काहीच आलं नाही. आपल्याकडे रुपया पडला म्हणजे डॉलर महागला.

आमच्या मासुंद्याच्या काठावरच्या सकाळच्या कट्ट्यावर मी हा विषय काढला. तीन जण, तीन मतं. एक म्हणाले, भिकाऱ्याच्या कटोऱ्यात पडतो तो पैसा. दुसऱ्यांनी ठामपणे सांगितलं की लंडनच्या सार्वजनिक शौचालयांच्या दारांना पेनी टाकायचं कुलूप असायचं, त्यातून हा शब्द आला. ते कुलूप खरं आहे, पण त्यातून आलेलं वाक्य वेगळं : 'स्पेंड अ पेनी', म्हणजे लघवीला जाऊन येणं. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या कारागिरानं पैसे देऊन वापरायची शौचालयं बसवली होती आणि आठ लाखांहून जास्त लोकांनी एकेक पेनी मोजली, असा हिशेब सांगतात. स्टेशनाबाहेर पाच रुपये देताना आपली कुरकुर चालते, ती तरी मग जुनीच म्हणायची. तिसऱ्यांचं मत मी लिहीत नाही, त्यांनी ते नंतर मागे घेतलं.

पडणाऱ्या पेनीचा सर्वमान्य उगम यंत्रातला आहे. खाचेत नाणं टाका, वस्तू बाहेर येईल, अशी यंत्रं. कल्पना फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं देवळात तीर्थ देणारं यंत्र वर्णन करून ठेवलं आहे : पाच द्राख्मांचं नाणं आतल्या तरफेच्या ताटलीवर पडायचं, त्याच्या भारानं झडप उघडायची, पाणी यायचं, आणि ताटली कलून नाणं घसरलं की पाणी बंद. भक्ताला फुकट तीर्थ मिळू नये याची दोन हजार वर्षांपूर्वीची काळजी! पण रस्तोरस्ती अशी यंत्रं आली ती इंग्लंडात १८८० च्या दशकात. पर्सिव्हल एव्हरिट नावाच्या माणसानं १८८३ मध्ये लंडनच्या रेल्वे स्थानकांवर पोस्टकार्डं देणारं यंत्र उभं केलं. मग चॉकलेटं, काड्यापेट्या, वजनकाटे, जत्रेतले चित्रांचे डबे, सगळंच पेनीवर चालू लागलं.

ती पेनी तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोरचं चिमुकलं नाणं नव्हे. काशाची, जवळजवळ ३१ मिलिमीटर रुंद, नऊ ग्रॅमच्या वर वजनाची. अशा २४० पेन्यांचा एक पौंड. १५ फेब्रुवारी १९७१ ला इंग्रजांनी दशमान पद्धत घेतली तेव्हा पौंडाच्या १०० पेन्या झाल्या आणि जुनी गेली. (आपण त्यांच्या आधी, १ एप्रिल १९५७ लाच ते केलं होतं. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै यांची आकडेमोड माझ्या आईला शेवटपर्यंत तोंडपाठ होती, शंभर पैशांवर तिचा कधीच विश्वास बसला नाही.) एवढं जाडजूड नाणं यंत्रात टाकलं की आतून आवाज यायचा : खळ्ळ, मग क्षणभर शांतता, मग ठप्प. त्या शांततेत माणूस यंत्राकडे बघत उभा. कधी ठप्प व्हायचंच नाही. मग थापट्या, बुक्क्या, एखादी लाथ, आणि नंतर एकदम नाणं खाली. ही जी मधली शांतता आहे ना, संपादक महाशय, ती म्हणजे हा वाक्प्रचार.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. इंग्लंडात १९२० च्या दशकात जे सार्वजनिक फोन आले त्यांना 'ए' आणि 'बी' अशी दोन बटणं असत. आधी पेन्या टाकायच्या, नंबर लावायचा, पलीकडून 'हॅलो' आलं की बटण ए दाबायचं. तेव्हा पेन्या गल्ल्यात पडत आणि मगच तुमचा आवाज पलीकडे पोचे. कुणी उचललंच नाही तर बटण बी दाबून पैसे परत. आपल्याकडचे माझ्या वेळचे डबे थोडे वेगळे, पण तत्त्व तेच. नंबर फिरवायचा, पलीकडचा 'हॅलो' ऐकू यायचा आणि मग नाणं आत ढकलायचं. नाणं पडेपर्यंत तुम्ही मुके. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो, अहो बोला की, कोण आहे?" म्हणून ओरडतोय, तुम्हाला ते सगळं ऐकू येतंय, आणि तुम्ही बोटानं आठ आणे ढकलताय.

स्टेशनच्या पश्चिमेला एका उपाहारगृहाबाहेरच्या डब्याची तक्रार आली म्हणून मी गेलो होतो, तेव्हाचं एक दृश्य विसरत नाही. विशीतला एक मुलगा रिसीव्हर कानाला लावून रडकुंडीला आलेला. नोकरीचं पत्र मिळालं होतं, गावाकडे शेजाऱ्यांच्या फोनवर नव्हे, इथेच मुलुंडला मामाकडे कळवायचं होतं. मामा पलीकडून शिव्या घालत होता, कारण त्या दिवशी हा चौथा मुका फोन होता. मी पेचकसाच्या मुठीनं डब्याच्या उजव्या कुशीत एक दणका दिला. आठ आणे पडले. पोरगा ओरडला, "मामा, मी आहे!" पुढचं मला ऐकू आलं नाही, मी मुद्दाम लांब जाऊन उभा राहिलो. अभ्यासक मंडळी वजनकाट्यांना आणि चॉकलेटांना मान देतात. त्यांना देऊ द्या. 'पेनी पडली' म्हटलं की मला तो मामाच आठवतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. जागेअभावी पत्र कापायचं झालं तर हेरॉनला कापा, ही कापू नका.

१९८२-८३ ची गोष्ट. राम मारुती रोडच्या बाजूला एका दुकानाबाहेर आमचा एक डबा होता. पैसे गोळा करणारा सहकारी दर सोमवारी माझ्या टेबलावर एक पुडी ठेवायचा. त्या डब्यातल्या नाण्यांत निघालेल्या पितळी चकत्या. कधी पाच, कधी सात. तेव्हा आठ आण्याचं नाणं २४ मिलिमीटरचं होतं, आणि चकती बरोब्बर २४ची. कड घासून गुळगुळीत केलेली. लोखंडी चकती असती तर आतल्या चुंबकानं अडवली असती, हे करणाऱ्याला ठाऊक होतं. साहेब माझ्यावर डाफरायचे. मी दोन शनिवार समोरच्या पानपट्टीवर पाळत ठेवून उभा राहिलो. काही हाती लागलं नाही. एके रात्री जेवताना धाकट्या भावापुढे एक चकती ठेवली. तो तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नरची उमेदवारी करत होता. विचारलं, "असं काम कोण करू शकेल रे?" त्यानं चकती दिव्यासमोर धरली, नखानं कड तपासली आणि गंभीरपणे म्हणाला, "दादा, हात चांगला आहे कुणाचा तरी."

पुढे त्याचं लग्न झालं. मुलं झाली. डबे गेले, पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले, तेही जायला लागले. २००४ च्या दिवाळीत फराळाला सगळे जमलो होतो. जुन्या गोष्टी निघाल्या तेव्हा भावजय हसत म्हणाली, "भाऊजी, खरं सांगायचं तर आमचं लग्न तुमच्याच खात्याच्या खर्चानं जमलं." सगळे हसले. मीही हसलो, म्हटलं हिचे वडील आमच्या खात्यात होते की काय. चकली संपली, चहा आला. कपातला दुसरा घोट घेतला आणि मी उभाच राहिलो. भाऊ तोवर गॅलरीत निघून गेला होता. तपासाअंती असं कळलं की सौ.ला हे त्यांच्या लग्नाआधीपासून माहीत होतं.

बावीस वर्षं. माणसाच्या डोक्यात नाणं एवढा काळ अडकू शकतं. 'तेव्हा मला समजलं' एवढ्यावर ही गोष्ट आटपता येईल का, तुम्हीच सांगा.

आता अनुवादकाची बाजूही घेतो, कारण त्यांची अडचण खरी आहे. आपल्या भाषेत पैशावरून आलेल्या म्हणींना तोटा नाही. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला आहे, दीड दमडीचा माणूस आहे, फुटकी कवडी आहे, पै-पै जोडणं आहे, सोळा आणे सत्य आहे, एखादा पावली कम असतो. सरकारनं पावली ३० जून २०११ ला चलनातून काढली, तरी तो माणूस अजून पावलीच कम आहे. पण यातलं एकही नाणं पडत नाही. आपण नाणं वाजवून घेतो, खणखणीत आहे का बघतो. मराठी माणसाचा नाण्याशी संबंध कानाचा. शिवाय मराठीत जे पडतं ते बहुतेक उलट्या बाजूचं असतं : प्रश्न पडतो, कोडं पडतं, पेच पडतो, विसर पडतो, भूल पडते. इंग्रजाला उत्तर पडतं आणि आपल्याला प्रश्न पडतो. आपलं उत्तर सुटतं किंवा उलगडतं. प्रकाश पडतो हा एक अपवाद, पण 'काय प्रकाश पाडलास' असं घरात कुणी म्हटलं की त्याचाही अर्थ उलटाच होतो. म्हणून 'पैसा पडला' वाचताना सौ. अडखळली, त्यात तिचा दोष नाही.

इतर देशांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. माझी नात बंगळूरला एका परदेशी कंपनीत आहे, तिनं तिथल्या सहकाऱ्यांना विचारून कळवलं. जर्मन माणसाचा ग्रोशेन पडतो, डच माणसाचा क्वार्ट्ये, म्हणजे त्यांची पावली. दोन्ही नाणी २००२ मध्ये युरो आला तेव्हा बाद झाली, पडायची थांबली नाहीत. स्वीडनमध्ये टोकन पडतं. आणि इस्रायलमध्ये, हे वाचून मी खुर्चीतून उठलो, 'असिमोन पडला' म्हणतात. असिमोन म्हणजे त्यांच्या सार्वजनिक फोनमध्ये टाकायची भोकाची चकती. भोकाची चकती! भावाला लगेच फोन लावला. तो म्हणाला, "बघ, मी चुकीच्या देशात जन्मलो."

म्हणजे प्रत्येकानं पेनीचं भाषांतर न करता आपल्या घरच्या यंत्रात जे पडतं तेच पाडलं. आपल्याकडे नाण्याची यंत्रं घरोघरी नव्हतीच. स्टेशनावर वजनाचा काटा होता, लाल-पिवळे दिवे फिरणारा. माझ्या लहानपणी त्यात दहा पैसे टाकले की जाड पुठ्ठ्याचं तिकीट यायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. ते थोर लोकांसाठी असल्यासारखं वाटे, वर्षातून एकदा, मामाकडे जाताना. त्यावरून भाषा घडत नाही. घडली ती घरातल्या ट्यूबवरून.

ज्यांच्या घरी आता एलईडीच्या पट्ट्या आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या ट्यूबला एक चोक आणि एक स्टार्टर लागायचा. बटण दाबलं की आधी स्टार्टरच्या डबीतल्या वायूत मिणमिण सुरू व्हायची, तिच्या उबेनं आतली दोन धातूंची पट्टी वाकून दुसऱ्या टोकाला टेकायची. मग ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापायच्या. पट्टी निवली की सुटायची, आणि ती सुटताक्षणी चोक एक जोराचा झटका द्यायचा. त्या झटक्यानं ट्यूब पेटायची. दाब कमी असला की हे सगळं पुन्हा पुन्हा. उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्या चाळीत व्होल्टेज इतकं पडायचं की ट्यूब लुकलुक, लुकलुक करत राहायची आणि वडील खुर्चीवर चढून स्टार्टर फिरवायचे. बटण दाबलेलं आहे, वीज आत शिरलेली आहे, उजेड मात्र नाही. मग फट्‌कन सगळी खोली पांढरी.

खाचेत अडकलेली पेनी आणि लुकलुकणारी ट्यूब यांत काडीचा फरक नाही. दोन्हीकडे देणाऱ्यानं दिलेलं असतं, घेणाऱ्याकडे पोचायला वेळ लागतो, मध्ये एक दणका किंवा झटका लागतो. 'ट्यूब पेटली' हे 'पेनी ड्रॉप्ड'चं सख्खं भावंड आहे आणि ते कुणीही कोशात बसून केलेलं नाही. पोरांनी केलं. आपल्या अनुवादकांच्या घरीही ते रोज बोललं जात असणार. छापताना तेवढं ते चोरट्यासारखं मागच्या दारानं जातं, बोलीतलं म्हणून. मला हे पटत नाही. क्रिकेटपटू मुलाखतीत बोलत होता, व्याख्यान देत नव्हता.

हे पत्र लिहायला बसण्याआधी आणखी एक घोळ झाला, तोही नोंदवतो. मंगळवारी सकाळी मोबाइलवर निरोप आला : आपल्या खात्यात एक रुपया जमा. पाठवणारा अनोळखी. आजकाल एक रुपया देऊन लाख नेतात, असं आपणच पहिल्या पानावर छापता. मी तडक बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी संगणकात बघून म्हणाली, "काका, घाबरू नका, पेनी ड्रॉप आहे तो." मी म्हटलं, "पोरी, कुणाला काय कळलं?" तिला माझा प्रश्न कळला नाही, मला तिचं उत्तर. मग तिनं समजावलं. म्युच्युअल फंडाच्या अर्जात मी नवीन खात्याचा क्रमांक दिला होता. खातं चालू आहे का आणि माझ्याच नावाचं आहे का, हे बघायला त्यांनी एक रुपया टाकून पाहिला. रुपया पोचला की खातेदाराचं नाव उलट कळतं. माझा मुलगा म्हणाला, राष्ट्रीय पेन्शन योजनेतून पैसे काढतानाही २०२३ पासून ही तपासणी सक्तीची आहे.

म्हणजे आता पेनी खरोखरच पडते, पण अर्थ वेगळा. या पेनीचा उशिराशी संबंध नाही, ती निमिषात पोचते, अडकत नाही, आवाज करत नाही. कुणाला दणका द्यावा लागत नाही. आपल्या अर्थविषयक पानावर हा शब्द आला तर तिथेही 'पैसा पडला' नको. 'एक रुपया टाकून खातं तपासलं' असं साधं लिहिलं की माझ्या वयाचे वाचक बँकेत धावणार नाहीत.

तो रुपया परत घेत नाहीत, असं त्या मुलीनं सांगितलं. भावाला कळवलं तर म्हणाला, माझ्या चकत्यांच्या हिशेबात वळता कर.

रविवारच्या पुरवणीत दुरुस्ती छापणार असाल तर कृपया 'माझी ट्यूब पेटली' असं छापावं. 'मी ट्यूबलाइट होतो' असं नको. ते वेगळं, आणि त्या खेळाडूनं महिनाभरच घेतला होता.

कळावे,
आपला,
एक निवृत्त टेलिफोन मेकॅनिक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)